महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचा अभ्यास

शालान्त परीक्षा देऊन विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या मनांत रसायनशास्त्राविषयीं दोन कल्पना घट्ट बसलेल्या असतात. एक अशी कीं, हा विषय पाठांतराचा आहे; सूत्रें व समीकरणें मुखोद्गत झालीं कीं काम संपलें. दुसरी अशी कीं, प्रयोगशाळा हें गमतीचें ठिकाण असून तेथें रंग बदलतात, वाफा निघतात व दोन तास मजेंत जातात. बारावीपर्यंत या दोन कल्पनांवर पुष्कळांचें निभावून जातें, आणि गुणही बरे मिळतात. परंतु बी. एस्सी.ला रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतला म्हणजे पहिल्या वर्षांतच त्या दोन्ही लंगड्या पडतात. आणि मग ज्याला शाळेंत हुषार म्हणत असत असा विद्यार्थीही गोंधळून जातो. हा अभ्यास खरोखर कसा असतो, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या वडील मंडळींनाही आधीं कळावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

एक अगदीं साधें उदाहरण घेऊं. बाजारांतून शिरक्याची बाटली आणली, व तींत ॲसेटिक आम्ल किती आहे तें काढावयाचें आहे. कृति पुस्तकांत चार ओळींची आहे. शिरका १० घन सेंटिमीटर घ्यावा, पाणी घालून तो बरोबर १०० घन सेंटिमीटर करावा. त्यांतील १० घन सेंटिमीटर चंबूंत घेऊन फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावे, आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचा दशांश नॉर्मल द्राव थेंब थेंब सोडावा. फिकट गुलाबी रंग येऊन टिकला कीं थांबावें. समजा, ८·४ घन सेंटिमीटर द्राव लागला. त्याच्या प्रत्येक घन सेंटिमीटरानें ०·००६ ग्रॅम ॲसेटिक आम्ल उदासीन होतें; म्हणून मूळच्या एक घन सेंटिमीटर शिरक्यांत ०·०५०४ ग्रॅम, म्हणजे शंभरांत ५·०४ ग्रॅम आम्ल आहे. गणित एवढेंच, आणि हें शाळेंतील मुलालाही येईल.

अडचण निराळीच आहे. तो कॉस्टिक सोडा दशांश नॉर्मल आहे हें कोणीं सांगितलें? त्याचे ४ ग्रॅम मोजून एक लिटर द्राव केला म्हणून तो दशांश नॉर्मल होत नाहीं. कारण हा पदार्थ तराजूच्या पारड्यांत असतांनाच हवेंतील ओलावा शोषून घेतो आणि कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतो. आपण जें वजन करतों त्यांत सोडा किती व पाणी किती हें आपल्याला ठाऊक नसतें. म्हणून जो पदार्थ हवेंत असा बदलत नाहीं त्याचा आधार घ्यावा लागतो. ऑक्झॅलिक आम्लाचे स्वच्छ स्फटिक ६·३ ग्रॅम तोलून एक लिटर द्राव केला, कीं तो दशांश नॉर्मल आहे असें निश्चयानें म्हणतां येतें. त्याच्याशीं कॉस्टिक सोड्याचा द्राव ताडून पाहावयाचा, आणि मग त्या सोड्यानें शिरका. म्हणजे प्रत्येक आंकड्याच्या मागें दुसरा आंकडा साक्षीदार म्हणून उभा असतो. ही साखळी कोठें विश्वासार्ह आहे व कोठें कच्ची आहे, हें ओळखणें हाच या अभ्यासाचा गाभा होय.

तसेंच, ब्युरेटमधून पडणारा एक थेंब सुमारें ०·०५ घन सेंटिमीटरांचा असतो. रंग एका थेंबानें बदलतो. तेव्हां ८·४ मध्यें तेवढी चूक होऊं शकते, व उत्तर ५·०४ च्या ऐवजीं ५·०१ किंवा ५·०७ असूं शकतें. असें असतां काहीं विद्यार्थी ५·०४१२७ असें उत्तर लिहून त्याखालीं दोन रेघा ओढतात. ते शेवटचे आंकडे गणकयंत्रानें दिलेले असतात, ब्युरेटनें नव्हे. कोणत्या आंकड्यानंतर आपण गप्प बसावें हें कळावयास कित्येकांना दुसरें वर्ष उजाडतें.

विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें असें काम करून रसायनशास्त्र शिकावें, ही रीति फार जुनी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतही विद्यार्थी बहुधा बांकावर बसून व्याख्यान ऐकत व प्राध्यापकानें टेबलावर करून दाखविलेले प्रयोग लांबून पाहत. जर्मनींतील गीसेन या लहानशा गांवीं १८२४ मध्यें युस्टुस लीबिग हा अवघ्या एकवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक म्हणून आला, आणि त्यानें विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेंत उभें करून शिकविण्याची पद्धति रूढ केली. प्रत्येकाला पदार्थ द्यावयाचा, त्याचें विश्लेषण त्यानेंच करावयाचें, आणि काय आढळलें तें येऊन सांगावयाचें. पुढें देशोदेशींचे तरुण तेथें जमूं लागले, व परत जाऊन त्यांनीं तीच पद्धति आपापल्या देशांत नेली. आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळेचा कुलवृत्तान्त शोधूं गेल्यास तो गीसेनपर्यंत पोंचतो.

या लीबिगचीच एक गोष्ट सांगतात. खाऱ्या झऱ्याच्या पाण्यापासून काढलेला एक तांबूस द्रव त्याच्याकडे तपासण्यासाठीं आला होता. हा आयोडीन व क्लोरीन यांचा संयोग असावा असें त्यानें मनाशीं ठरविलें, व तशी चिठ्ठी बाटलीवर चिकटवून ती ठेवून दिली. १८२६ मध्यें फ्रान्समधील बालार यानें ब्रोमीन हें नवें मूलद्रव्य जाहीर केलें, तेव्हां लीबिगला ती बाटली आठवली. ब्रोमीन त्याच्या कपाटांतच होतें! पुढें ती बाटली त्यानें स्वतःच्या चुकांची आठवण म्हणून जपून ठेविली, असें म्हणतात. हातीं कसब असूनही, उत्तर आधींच ठरविल्यामुळें एवढा मोठा रसायनशास्त्रज्ञ फसला. मग आपली काय कथा?

आपली कथा तर याहून हलकी असते. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतांना एका मिश्रणांतील लोहाचें प्रमाण काढण्याचा प्रयोग दिला होता. माझे तीन वेळचे आंकडे एकमेकांशीं जुळत होते. पण शेजारच्या दोघांचे उत्तर निराळें आलें, आणि ते दोघेही वर्गांत पहिल्या रांगेंतले. मीं निमूटपणें माझ्या वहींतील ब्युरेटचे आंकडे बदलून त्यांच्या जवळ आणले. प्राध्यापकांनीं वही पाहिली, खिशांतून एक कागद काढला, आणि तो माझ्यापुढें ठेविला. प्रत्येकाला दिलेलें मिश्रण वेगळ्या प्रमाणाचें होतें. माझ्या क्रमांकासमोर जो आंकडा होता, तोच मीं खोडला होता. ते रागावले नाहींत. "तुझ्या हातानें बरोबर सांगितलें होतें," एवढेंच म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवसाचे गुण अर्थातच गेले. वहींतील ते खोडलेले आंकडे मात्र अजून वाचतां येतात.

आतां कोणी म्हणेल, एवढ्यातेवढ्या फरकाचें काय मोठेंसें? याचें उत्तर लॉर्ड रेले यांच्या प्रयोगांत आहे, आणि तें प्रत्येक विद्यार्थ्यानें सविस्तर समजून घेण्यासारखें आहे. रेले हे वायूंची घनता अत्यंत काटेकोरपणें मोजत होते. त्यांनीं काचेचा एक मोठा गोल घेतला. तो एकाच उष्णतामानास व दाबाखालीं निरनिराळ्या रीतींनीं मिळविलेल्या नत्रवायूनें भरून तोलला. हवेंतील प्राणवायु तापलेल्या तांब्याच्या योगानें काढून टाकून उरलेला नत्रवायु त्या गोलांत २·३१० ग्रॅम भरला. तोच वायु नत्राच्या संयुगांपासून तयार केला, तेव्हां २·२९९ ग्रॅम. फरक ११ मिलिग्रॅमचा, म्हणजे तांदळाच्या जेमतेम अर्ध्या दाण्याएवढा! शेंकडा अर्ध्याहूनही किंचित् कमी. आपल्यापैकीं कोणी असता तर त्यानें दोहोंची सरासरी काढून वही मिटली असती.

रेले यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं पुन्हां तोललें, वायु मिळविण्याच्या रीति बदलून पाहिल्या. फरक तसाच राहिला. तेव्हां १८९२ मध्यें त्यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत पत्र लिहून आपल्याला याचा उलगडा होत नाहीं असें उघड सांगितलें, व रसायनशास्त्रज्ञांचा सल्ला मागितला. पुढें विल्यम रॅम्झे हे या कामांत मिळाले. हवेंतून काढलेला नत्रवायु त्यांनीं तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हां नेला. मॅग्नेशियम नत्रवायु शोषून घेतें. सर्व नत्रवायु गेल्यावरही थोडा वायु शिल्लक राहिला. तो कशाशींही संयोग पावेना, व त्याच्या वर्णपटांतील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. १८९४ मध्यें ही गोष्ट जाहीर झाली, व त्या वायूला ग्रीक भाषेंतील आळशी या अर्थाच्या शब्दावरून आर्गॉन असें नांव मिळालें. आपण प्रत्येक श्वासाबरोबर जी हवा घेतों तींत शेंकडा सुमारें एक भाग हा वायु आहे, आणि तोंवर तो कोणाला ठाऊक नव्हता. १९०४ मध्यें रेले यांना पदार्थविज्ञानाचें व रॅम्झे यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

याहूनही मनाला चटका लावणारी गोष्ट अशी कीं, हेन्री कॅव्हेंडिश यानें १७८५ मध्येंच हवेंत विजेच्या ठिणग्या सोडून नत्रवायु नाहींसा करून पाहिला होता, आणि मूळच्या नत्रवायूच्या एकशेंविसाव्या भागाहून अधिक नसलेला एक बुडबुडा उरतो असें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें होतें. त्याला त्याचें कारण कळलें नाहीं; पण त्यानें तो बुडबुडा वहींतून वगळला नाहीं. शंभराहून अधिक वर्षांनंतर रॅम्झे व रेले यांनीं तें टिपण पुन्हां वाचलें.

हें झालें हाताच्या कामाविषयीं. आतां वर्गांतील विषयांकडे पाहूं. निरिंद्रिय रसायनांत मूलद्रव्यांचा आवर्तसारणीप्रमाणें अभ्यास असतो. त्याविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं, कारण शाळेंत जें शिकलों तेंच तेथें खोलवर जातें. सेंद्रिय रसायन हें पाठांतर करणाऱ्यांचें खरें स्मशान होय. विक्रिया शेंकड्यांनीं असतात. त्या एकेक करून पाठ करणारा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थकतो. रेणूमध्यें इलेक्ट्रॉन कोठें दाटलेले आहेत व कोठें उणे आहेत हें पाहून विक्रियेची दिशा ओळखावयास जो शिकला, त्याला दहा तत्त्वांतून शंभर विक्रिया बसल्या जागीं काढतां येतात. आणि भौतिक रसायन म्हणजे अर्धें गणितच. "मला गणित नको, म्हणून मी रसायनशास्त्र घेतों," असें म्हणणारे विद्यार्थी दरवर्षीं भेटतात. त्यांना आधींच सांगितलेलें बरें कीं, लॉगॅरिथम, आलेख व कलनशास्त्राचीं मूलतत्त्वें यांच्यावांचून येथें एक पाऊल पुढें पडत नाहीं.

या गणिताचा उपयोग काय, असें महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या मुलानें तरी विचारूं नये. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पुष्कळ ठिकाणीं एक प्रयोग करावयास मिळतो. उसाच्या साखरेचा द्राव प्रकाशाची ध्रुवणपातळी उजवीकडे वळवितो. त्यांत आम्ल घातलें कीं साखरेच्या रेणूचे हळूहळू दोन तुकडे होतात, ग्लुकोज व फ्रुक्टोज; आणि त्यांचें मिश्रण ती पातळी डावीकडे वळवितें. ध्रुवणमापकांतून दर कांहीं मिनिटांनीं कोन वाचावयाचा, लॉगॅरिथम काढून आलेख काढावयाचा. सरळ रेषा आली म्हणजे तिच्या उतारावरून विक्रियेचा वेग मिळतो. हाच प्रयोग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञानें १८५० मध्यें केला, व रासायनिक विक्रियेचा वेग गणितानें मांडण्याचा आरंभ येथूनच झाला असें मानतात.

आतां साखर कारखान्याकडे चला. उसाचा ताजा रस स्वभावतःच किंचित् आम्ल असतो. तो तसाच तापविला तर वरील प्रयोगांतील विक्रिया कढईंतच घडूं लागते. साखर तुटते, आणि तुटलेल्या साखरेचे स्फटिक होत नाहींत, ती मळींत जाते. म्हणून रसांत चुना घालून आम्लता मारावी लागते. परंतु चुना अधिक झाला तरी रस काळवंडतो व निराळे नुकसान होतें. कारखान्यांतील रसायनतज्ज्ञ रात्रपाळीस जागून जें तपासत असतो तें हेंच. ऊस तोडल्यावर उन्हांत पडून राहिला तर त्याचा उतारा घटतो, याचें एक कारणही हीच विक्रिया. प्रयोगशाळेंत ज्या आलेखाला मुलें कंटाळतात, त्याच आलेखावर गाड्यांच्या रांगेंत उभ्या असलेल्या उसाची किंमत ठरते.

वडील मंडळी साधारणपणें तीन गोष्टी विचारतात: नोकरी, धोका आणि मुलीला हा विषय झेपेल काय. नोकरीविषयीं स्पष्ट सांगावें हें बरें. नुसत्या बी. एस्सी.वर औषधांचे, रंगांचे, साखरेचे वा दुधाचे कारखाने, पाण्याची तपासणी, अशा ठिकाणीं तपासनिसाचें काम मिळूं शकतें. त्यापुढें जावयाचें तर एम. एस्सी. व बहुधा संशोधन करावें लागतें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्यें सुरू झाली, व मुंबईंत माटुंग्याला विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा जो विभाग १९३३ मध्यें निघाला तो आज स्वतंत्र संस्था म्हणून नांवाजलेला आहे. तेव्हां पुढील शिक्षणासाठीं आपल्या मुलखाबाहेर जावेंच लागतें असें नाहीं. धोक्याविषयीं म्हणाल, तर तो आहे, पण तो बहुतेक निष्काळजीपणाचा आहे. आम्लांत पाणी ओतूं नये, पाण्यांत आम्ल ओतावें. डोळ्यांवर चष्मा असावा. पूर्वीं पिपेट तोंडानें ओढत असत, तसें आतां कोणीही करूं नये, रबरी फुगा वापरावा. एवढे नियम पाळणाऱ्यास प्रयोगशाळा स्वयंपाकघरापेक्षां फारशी भयंकर नाहीं.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर एका नांवानें देतां येईल. वर ज्या रॅम्झे यांचा उल्लेख आला, त्यांनाच जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठीं योग्य जागा सुचविण्याकरितां हिंदुस्थानांत बोलाविलें होतें, आणि त्यांनीं बंगलोरची शिफारस केली. त्या संस्थेंत प्रवेश मिळावा म्हणून १९३३ मध्यें कमला भागवत या तरुणीनें अर्ज केला. ती मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र घेतलेली बी. एस्सी.; तिचे वडील व काका हे दोघेही त्याच संस्थेंत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ; लेखिका दुर्गाबाई भागवत यांची ती धाकटी बहीण. ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून संस्थेचे तत्कालीन संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं तिला नकार दिला. ती परत फिरली नाहीं. अखेर, एक वर्ष काम पाहून मग कायम करूं, अशा अटीवर तिला घेतलें गेलें. तिनें तेथें दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केलें, पुढें केंब्रिजला जाऊन बटाट्यांतील सायटोक्रोम सी या द्रव्याविषयीं संशोधन केलें, आणि १९३९ मध्यें पीएच. डी. मिळविली, विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकीं ती एक होय. याच कमलाबाई सोहोनी पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत शिकवूं लागल्या, आणि त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं नीरेंतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला.

शेवटीं वहीविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. प्रयोगाचे आंकडे सुट्या चिटोऱ्यावर लिहून घरीं सुवाच्य अक्षरांत उतरून काढण्याची खोड शाळेपासून लागलेली असते. ती पहिल्याच दिवशीं सोडावी. आंकडा ब्युरेटवर वाचला कीं शाईनें वहींत लिहावा. चुकला तर एक आडवी रेघ मारावी, खालचा आंकडा वाचतां आला पाहिजे. वही थोडी मळलेली दिसली तरी चालेल.

ज्यांना जूनपर्यंत थांबवत नाहीं त्यांनीं सुट्टींत घरींच एक प्रयोग करून पाहावा. खाण्याचा चुना पाण्यांत कालवून रात्रभर ठेवावा, व वरची स्वच्छ निवळ अलगद ओतून घ्यावी. ती डोळ्यांत जाणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी. एक चमचाभर निवळींत चिमूटभराहून कमी हळद घातली कीं रंग कुंकवासारखा तांबडा होईल. कुंकूही याच रीतीनें करतात. मग एक चमचा लिंबाच्या रसांत नऊ चमचे पाणी घालून, तें पाणी ड्रॉपरनें थेंब थेंब टाकीत जावें, आणि तांबडा रंग जाऊन पिवळा येईपर्यंतचे थेंब मोजावे. असें तीन वेळां करावें. तिन्ही आंकडे सारखे येणार नाहींत. ते जसे आले तसे तिन्ही लिहावे, आणि फरक कशानें पडला असेल, ड्रॉपर तिरपा धरल्यानें, चमचा भरतांना कीं रंग ओळखतांना, हें त्यांच्यासमोर लिहून ती वही महाविद्यालयांत जातांना बरोबर न्यावी.